दाजींनी कढी सोडली

आमच्या दाजींनी आजवर जेवढ्या माणसांना पोटभर जेवू घातलंय, तेवढ्या माणसांना जालना जिल्ह्यातल्या एकाही पुढाऱ्यानं नुसती आश्वासनंसुद्धा दिली नसतील. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, वाटूरचे आचारी. कार्य कुठलंही असो, भट्टीशी उकिडवे बसायला दाजी येणार म्हटलं की मुलीच्या बापालाही आदल्या रात्री झोप लागायची. पहाटे ते जे उकिडवे बसत, ते शेवटची पंगत उठेपर्यंत. चहा तसाच, पान तसंच, वाढप्यांशी भांडणही तसंच. एकदा मांडवात बैल शिरला. सगळी मंडळी पांगली, पण दाजी हलले नाहीत. बैलाकडे बघून एवढंच म्हणाले, "जल्दी करू नको, भात अजून कच्चा हाय." बैल मुकाट्यानं परत गेला असं अक्का सांगते. अक्का त्यांची बायको आहे, तेव्हा यातला थोडा भाग ऐकणाऱ्यानं सोडून द्यावा.

दाजी कधी चव घेऊन बघत नाहीत. नैवेद्याआधी अन्न उष्टं करायचं नाही हा त्यांचा नियम. येसराच्या आमटीला उकळी फुटली की डोळे मिटून एकदा श्वास ओढायचा आणि 'बराबर' म्हणायचं, झाली परीक्षा. एका लग्नात नेमकी त्यांना सर्दी झाली. नाक चोंदलेलं आणि समोर डेगभर आमटी. दाजींनी वरपक्षातल्या सगळ्यात कटकट्या काकांना सन्मानानं बोलावून डेगीजवळ उभं केलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग वाढप्यांना म्हणाले, "ह्यांनी नाक मुरडलं न्हाई, म्हंजी बिलकुल बराबर. घ्या वाढायला."

त्यांचा दुसरा नियम त्याहून कडक. उभ्यानं जेवायच्या लग्नाला हात लावायचा नाही. "उभ्यानं जनावरं खातेत, माणसं बसून जेवतेत." आमच्याकडे आचाऱ्याला काम सांगायचं म्हणजे घरी जाऊन नारळ-सुपारी द्यायची. घनसावंगीचा एक बागायतदार अशीच नारळ-सुपारी देऊन गेला आणि नंतर कळलं की त्याच्याकडे टेबलं मांडून बुफे आहे. दाजी दुसऱ्याच दिवशी जीपनं गेले, नारळ त्याच्या ओट्यावर ठेवला आणि चहा न घेता परत आले. कारण बुफेत शेवटची पंगत नसते. शेवटच्या पंगतीत आचारी बसतो आणि यजमान त्याला आपल्या हातानं वाढतो, ही रीत. मजुरी दाजी अक्काकडे देऊन मोकळे होत, पण कोणी किती आग्रह केला हे त्यांना वर्षानुवर्षं आठवायचं.

अशा माणसाचा उजवा खुबा झिजला. आधी लंगडणं, मग काठी, मग चालणंच बंद. शेवटी आम्ही त्यांना जालन्याला आणलं आणि डॉक्टरांनी खुबा बदलायचा म्हणून सांगितलं. दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "नवा बसवनार तो कशाचा हाय? जर्मलचा तर न्हाई ना?" जर्मल म्हणजे आमच्याकडे ॲल्युमिनिअम. डॉक्टर म्हणाले, नाही, चांगला धातू असतो. "तसं न्हाई साहेब, जर्मलला आंबट चालत न्हाई. काळं पडतं." डॉक्टर हसले. दाजींना ते हसणं पटलं नाही. आयुष्यभर पातेल्यांना कल्हई करून घेतलेला माणूस, त्यानं मनाशी ठरवून टाकलं की धातूची खात्री नसेल तर आंबट बंद. चिंच सोडली, लिंबू सोडलं आणि ताकाची कढी, जी त्यांचा जीव की प्राण, तीही सोडली. "आतून कल्हई कशी करायची सांगा," असं ते उलट मलाच विचारायला लागले.

ऑपरेशन चांगलं झालं. दुखणं मात्र पूर्ण गेलं नाही. डॉक्टर म्हणाले, स्नायूंना वेळ लागतो, थोडं राहीलही. चाला, व्यायाम करा, पण उकिडवं बसायचं नाही आणि मांडी घालायची नाही. 'दुखतंय' हा शब्द दाजींच्या तोंडात कधी आला नाही. कळ आली की ते म्हणत, "साहेब आले." न सांगता येतात, कितीही सरबराई करा खूश होत नाहीत आणि कधी जातील ते विचारायची सोय नाही, म्हणून साहेब. अक्का तेलाची वाटी घेऊन आली की म्हणायचे, "राहू दे, साहेब आत्ताच गेले." चेहऱ्यावरून साहेब चांगले ठाण मांडून बसलेले दिसायचे.

भेटायला माणसांची रीघ लागली. आजाऱ्याला बघायला जायचं तर आता शहाळं न्यायची पद्धत पडलीय. दाजी प्रत्येकाच्या पिशवीकडे आशेनं बघत आणि मग मान फिरवत. मी गेलो तेव्हा कोपऱ्यात शहाळ्यांचा ढीग होता. "सगळा गाव नारळ आणून राह्यलाय, मेहुणे," ते म्हणाले, "पण हिरवा." लग्नसराई सुरू झाली होती, आणि एकानंही सोललेला नारळ आणला नव्हता. दाजींना त्रास नको म्हणून सगळ्यांनी परस्पर दुसरे आचारी बघितले होते. माया कधीकधी माणसाला रिकामं बसवते. रिकामे दाजी घरात स्वयंपाकाला लागले, तर त्यांना दोन माणसांचा अंदाज येईना. एकदा वरण केलं ते अर्ध्या गल्लीनं जेवलं, तरी उरलं. अक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, "खुब्यानं न्हाई रे, हे घरात बसून मरतेल."

माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आमच्या घरात केटररचंच चाललं होतं, बायकोला धास्ती होती की भर कार्यात दाजी पडले तर काय करायचं. मलाही होती. तरी एका सकाळी मी मोंढ्यातून नारळ-सुपारी घेतली आणि वाटूर गाठलं. दाजींनी नारळ हातात घेतला, कानाशी हलवला. "मेहुणे, हा प्यायचा का फोडायचा?"

"फोडायचा, दाजी. पोरीचं लग्न हाय."

ते उठले, आणि उठताना काठी घ्यायला विसरले.

लग्नाच्या पहाटे दाजींनी गावातल्या सलूनची जुनी फिरती खुर्ची टेंपोत घालून आणली. भट्ट्यांच्या मधोमध ती मांडून, हातात लांब झारा घेऊन ते चारी दिशांना फिरत हुकूम सोडत होते. पाहुणे नवरदेव बघून झाल्यावर ती खुर्ची बघायला येत होते. आमटीला उकळी फुटली, दाजींनी डोळे मिटले, श्वास ओढला. "बराबर." माझ्या बायकोच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं.

शेवटची पंगत बसली आणि मी वाढायला निघालो, तर दाजी पंगतीत नाहीत. खुर्चीही रिकामी. शोधत शोधत मांडवामागे गेलो. तिथं लाकडांच्या ढिगाशी एक डेग उपडी घातलेली, तिच्यावर पत्रावळ, आणि दाजी एकटे उभ्यानं जेवत होते. मला बघून ते चोरी पकडल्यासारखे थांबले. मला फार वाईट वाटलं.

"खुर्ची आणू का पंगतीत?"

"नको. पहाटेपासून साहेब बसून हायेत. आता बसलो तं उठताना लोकायला दिसल. मंग पुढच्या साली कोन नारळ देतंय?"

मांडवातून पोळ्या आणि बादल्या आणून मी वाढायला लागलो. पोळी, वांग्याची भाजी, आमटी. कढीची बादली नुसतीच खाली ठेवली.

"ती बी वाढा," दाजी म्हणाले.

"कढी? आणि कल्हई?"

"इतके दिवस सोडून पाह्यली की. आंबट खाल्लं न्हाई तरी साहेब येतेतच. मंग कढीनं कोनाचं घोडं मारलं?" त्यांनी द्रोण तोंडाला लावला, डोळे मिटले. "बराबर," ते म्हणाले. ऑपरेशननंतर मी त्यांचा असा चेहरा पहिल्यांदाच बघत होतो.

मीही एक पत्रावळ घेतली आणि डेगीच्या दुसऱ्या बाजूला मांडली.

"तुम्ही पंगतीत बसा मेहुणे, पोरीचे बाप हायेत तुम्ही. उभ्यानं जनावरं खातेत."

"बैल काय एकटाच असतो का दाजी? जोडी लागती."

दाजींना असं हसू आलं की तोल सावरायला त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. आजवर त्यांनी कुणाच्या खांद्याचा आधार घेतलेला मी बघितला नव्हता. हसू ओसरल्यावरही तो हात तिथंच राहिला, चांगला भार टाकून. मी तो भार ओळखला नाही असं दाखवलं आणि शेवटची पंगत उठेपर्यंत अगदी सावकाश जेवलो.