कालव्यावरच्या त्या रविवारचा खुलासा

"बाबांनी आजारी आईला दिवसभर त्या बोटीत डांबून ठेवलं. ती ना जेवली, ना कोणाशी बोलली. हट्ट सगळा बाबांचा."

तिच्या वर्षश्राद्धाला पापाटोएटो उपनगरातल्या आमच्या घरी जमलेल्या पाहुण्यांना माझ्या मुलाने हे सांगितले. सर्वांनी माना हलवल्या. मी वाटीतली खीर संपवली. संताप यायला हवा होता. परंतु ती गेल्यापासून माझ्या आत काही हलत नाही. पाहुणे गेल्यावर नातीने विचारले, "आजोबा, डिड यू मेक हर?" माझ्यामागे तिच्यापाशी आजीची हीच गोष्ट उरणार असेल, तर ती खोटी असता कामा नये.

कोरोमंडल नावाचा किनारा भारतासारखा इथेही आहे; त्यावरच्या एका गावात घरांच्या रांगांमधून कालवा खणलेला आहे. आम्ही सुट्टीसाठी घेतलेल्या घराचा धक्का त्याच कालव्यावर होता. तिथले एक निवृत्त इंग्रज गृहस्थ आपली बोट दिवसाच्या भाड्याने देत. इंग्लंडातल्या कालव्यांवर असते तशी ती लांबलचक आणि अरुंद होती, आणि माणसाच्या चालीने जाई. ती हवी असे प्रथम कोण म्हणाले, याबद्दल मी वाद घालत नाही. मीच म्हणालो.

ती जेवली नाही, हे खरे. त्या रविवारी संकष्टी होती. सुनेने फ्रिजवर लावलेली दिनदर्शिका भारतातली. तिच्यात संकष्टी शनिवारी छापलेली. इथे चंद्र तिकडच्यापेक्षा कित्येक तास आधी उगवतो, तेव्हा कधीकधी चतुर्थी लागलेलीच नसते, आणि उपास एक दिवस पुढे जातो. आमची इथली सगळी वर्षे तिने इथल्या चंद्रावर उपास सोडला. शनिवारी सुनेने कौतुकाने केलेली साबुदाण्याची खिचडी तिने मुकाट्याने खाल्ली आणि रविवारी पाण्याखेरीज काही घेतले नाही. डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितले होते, म्हणून घरात तिने याबद्दल अवाक्षर काढले नाही. तिला उपास का करू दिला, असे मुलगा विचारील. तिला करू देणारा मी कोण?

ती बोलली नाही, हे तर धादांत खोटे. जानेवारीतला, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यातला रविवार, कालव्यावर कयाक, पॅडलबोर्ड, मोटरबोटी यांची जत्रा. पाण्यावर उजव्या बाजूने जायचे असते, आणि मी गाडीच्या सवयीने बोट डावीकडे नेई.

"अहो, उजवीकडे! हा काय मनुरेवाचा रस्ता आहे?"

"सुकाणू माझ्याकडे आहे."

"म्हणूनच ओरडतेय ना!"

पॅडलबोर्डवर उभ्याने वल्हवत आलेला एक मुलगा आमच्यापासून हातभर अंतरावर डुचमळला. मी क्षमा मागितली. "स्वीट ॲज!" तो म्हणाला, म्हणजे काही हरकत नाही. तिने त्याला इथल्या रीतीने "किया ओरा" असा नमस्कार करून हात केला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तो शहाणा आहे, म्हणून वाचलात." ती हसली. त्या हसण्याचा आवाज मला आठवत नाही. ती हसली, एवढे ठाऊक आहे.

दुपारी आम्ही घराच्या धक्क्याला लागलो. तिने बोटीच्या पुढच्या टोकाचा दोर खांबाला अडकवला. आमचा मुलगा धक्क्यावर आला, हात पुढे करून म्हणाला, "आई, पुरे झालं. उतर. बाबांचं काय ऐकत बसतेस?"

मी मागे सुकाणूपाशी उभा होतो. बोटीची सगळी लांबी तिच्यामाझ्यामध्ये होती. मी एक शब्द बोललो नाही. तिचा निर्णय होण्यापूर्वी मी इंजिनला हातही लावला नाही. ती सावकाश उठली. मुलाचा हात तिच्या पुढ्यात होता, आणि दोरही.

दोर तिने सोडला.