तीनदा वाजवलेलं ताट

माझा मोठा भाऊ बोलत नाही, जन्मापासूनच. भूक लागली की तो ताटाच्या कडेवर बोटांनी तीनदा टकटक करायचा आणि आमच्या असोद्याच्या घरात आई चुलीपाशी बसून भांड्यावर तीनदा पळी वाजवून त्याला उत्तर द्यायची. मग तो हसायचा आणि निवांत वाट बघायचा. चाळीस वर्षं त्या दोघांचं एवढंच बोलणं होतं. येणारे-जाणारे वैतागायचे. मीही वैतागायचे, खोटं कशाला बोलू.

आई गेल्यावर मी त्याला मेहरूणला माझ्याकडे आणलं. दोन खोल्यांचा फ्लॅट, मी दिवसभर शाळेत, नवरा फिरतीच्या नोकरीवर. भाऊ एकटाच ताट वाजवत बसायचा आणि उत्तर आलं नाही की आणखी जोरात वाजवायचा. खालच्या मजल्यावरची माणसं वर येऊ लागली, आधी समजुतीने, नंतर तावातावाने. वर्षभरात माझे कान किटले. कुणीतरी धुळ्याजवळचं एक निवासी केंद्र सुचवलं, अशाच मोठ्या माणसांना सांभाळणारं.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी सगळं तपासलं. संडास, पिण्याचं पाणी, औषधांचं कपाट, खिडक्यांच्या जाळ्या. चादरी पांढऱ्याशुभ्र होत्या. आवारात बाकांवर एकवीस पुरुष बसले होते, कुणी तरुण, कुणी पिकलेले, आणि कुठून म्हणून आवाज नव्हता. मी शाळेतली बाई. एकवीस माणसं एका जागी इतकी गप्प मी कधी पाहिली नव्हती. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मला ते फार आवडलं. त्या शांततेवर भाळूनच मी भावाला तिथे ठेवलं.

भेटीची वेळ रविवारी चार ते पाच, तीही बाहेरच्या खोलीत. भाऊ यायचा तो आंघोळ घातलेला, भांग पाडलेला. वजनही वाढलेलं असायचं. तो थोडा वेळ माझ्याकडे बघायचा आणि मग उरलेला सगळा वेळ दाराकडे. परतीच्या बसमध्ये पारोळा येईपर्यंत मनात काहीतरी टोचत राहायचं. पुढे मला झोप लागायची.

सहाव्या महिन्यात शाळेला सुटी होती म्हणून मी न कळवता बुधवारी दुपारी गेले. डब्यात भरीत आणि कळण्याची भाकरी होती. व्यवस्थापक धुळ्यात गेले होते, त्यामुळे मला कुणी अडवलं नाही आणि मी थेट जेवणाच्या खोलीत शिरले. भाऊ धरून बावीस जण दोन ओळींत जमिनीवर बसले होते. ताटांत वरणभात वाढलेला होता, पण कुणी खात नव्हतं. पंख्याचा काय तो आवाज. मी आत आल्यावर एकानेही मान वर केली नाही. वाढणाऱ्या मावशींना विचारलं, तर सांगितल्याशिवाय इथे कुणी घास उचलत नाही, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं.

मी भावासमोर बसले आणि डबा उघडला. भरिताचा वास सुटला तरी तो हलला नाही. त्याला जरा हसवावं म्हणून मी त्याच्या ताटाच्या कडेवर बोटांनी तीनदा वाजवलं.

बावीसच्या बावीस जणांनी हात मांड्यांखाली घातले. सगळ्यांनी एकदम. एका म्हाताऱ्याचा उजवा हात लुळा होता. तो डाव्या हाताने उचलून त्याने मांडीखाली सरकवला. माझ्या भावानेही तेच केलं, माझ्याकडे न बघता.

बावीस वर्षं मी शाळेत शिकवते आहे. मार बसणार असला की पोरं हात कुठे लपवतात, हे मला कुणी सांगायला नको.

“पहिले पहिले बठ्ठा वाजाडतस, ताई,” मावशी म्हणाल्या. “मंग इसरी जातस.”

आवाजात राग नव्हता. सुरुवातीला सगळेच वाजवतात, मग विसरून जातात, हे मला समजावावं तसं त्या बोलल्या. त्यांच्या हातात लांब दांड्याची पळी होती, आईची असायची तशीच.

मी भावाला तिथून तसंच उठवलं. व्यवस्थापक फोनवर महिनाभर आधी कळवण्याचा नियम सांगत राहिले आणि मी त्यांना, अडवायचं तर येऊन अडवा, असं सुनावलं. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या कार्यालयात तक्रार दिली. त्याला आता आठ महिने झाले. खालच्या मजल्यावरची माणसं हल्ली जिन्यात हसून बोलतात, भाऊ किती सुधारला म्हणतात. मी रोज स्वयंपाकघरातून भांड्यावर तीनदा पळी वाजवते. रोज त्याचे हात मांड्यांखाली जातात. मी सांगितल्याशिवाय तो जेवत नाही. आईने चाळीस वर्षं जपलेलं मी सहा महिन्यांत घालवलं, आणि ते मलाच डाचतं.

परवा आम्ही जेवायला बसलो होतो तेव्हा कार्यालयातून फोन आला. तपासणी झाली होती. साहेब अदबीने बोलत होते. दोन तास ते तिथे होते, स्वच्छता उत्तम, वजनं ठीक, कुणाच्या अंगावर खूण नाही, कुणाची तक्रार नाही.

“आणि मॅडम, वातावरण इतकं शांत आहे,” ते म्हणाले.

“जेवणाच्या वेळी जा,” मी म्हटलं, “आणि एकदा ताट वाजवून बघा.”

नोंद घेतो म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी भावाकडे वळले. ताट हा शब्द ऐकूनच त्याने हातातला घास खाली ठेवला होता आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेतले होते.