ठरली होती फक्त कॉफी

आमच्या लॅबमध्ये तिला सगळे बत्तिशी म्हणतात. अर्थात पाठीमागे, तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही. दातांचे डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचे साचे आमच्याकडे पाठवतात, त्यावरून आम्ही कवळ्या बनवतो. पूर्ण कवळी, वरची-खालची दोन्ही, हे तिचं काम. माझं टेबल तिच्या टेबलाला लागून. पॉलिशचं चाक फिरत असलं की आम्ही दोघी खुणांनी बोलतो, आणि ते थांबलं की ती जे बोलते ते चारचौघांत सांगण्यासारखं नसतं.

साचे येतात ते तसेच, तोंडातून काढलेले. लाळ असते, रक्त असतं, कधी नाश्त्याचा तुकडा चिकटलेला असतो. नवीन मुली पहिल्या आठवड्यात तोंडावर हात ठेवून बेसिनकडे पळतात. ही मात्र साचा नळाखाली धरते आणि शांतपणे म्हणते, "धुतलं की जातं गं."

चाळिशीला टेकली तरी तिचं लग्न झालं नव्हतं. आई अंथरुणाला खिळली आणि ती जाईपर्यंत हिचं वय निघून गेलं. घरात मोठा भाऊ होता, वहिनी होती, पण आईच्या खोलीत पाय टाकायचा तो हिनेच. दादा दारातूनच "बरी आहेस ना गं?" असं विचारायचा आणि उत्तर यायच्या आत वळायचा.

आई गेल्यावर वहिनीने मनावर घेतलं. "हल्ली सगळं फोनवरच जमतं," म्हणाली, आणि ओळखी जुळवणाऱ्या एका अ‍ॅपवर हिचा फोटो टाकला, खाली माहितीही तिनेच लिहिली. बत्तिशीने ती वाचली नाही. स्वतःबद्दल लिहिलेलं वाचायला तिला लाज वाटायची. तिला फार काही नको होतं. मला एकदा म्हणाली, "कुणीतरी समोर बसावं, मला हसवावं, मी त्याला हसवावं. लग्नाचं मग बघू."

पहिला भेटला तो विमा विकणारा. हॉटेलात बसल्या बसल्या तिने आपलं काम काय ते सांगितलं, तशी त्याची कळी खुलली. हिला वाटलं, वा, कामाची कदर आहे. त्याने तोंडात बोटं घातली, मागचे तीन दात पट्टीसकट काढले आणि बशीत ठेवले. "हे जरा हलतात. घरचंच माणूस होणार तुम्ही, बघा ना." बशीत बिस्किटं होती.

दुसऱ्याने सूप संपायच्या आत टेबलावर किल्ली ठेवली. मित्र बाहेरगावी गेलाय, फ्लॅट रिकामा आहे. हिने नुसतं पाहिलं तर तो म्हणाला, "नाही, मला वाटलं या वयात उगाच वेळ घालवायला तुम्हालाही आवडत नसेल." ती उठली, हात धुतले, आणि तशीच मागच्या दाराने बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी मला सांगताना तिने पुन्हा हात धुतले.

मग आला टाइलवाला. फरशा, नळ, बेसिन विकायचं मोठं दुकान. फोनवर मऊ बोलायचा, जेवलात का विचारायचा. तिने निळा कुर्ता घेतला, मला दोनदा दाखवला. कॉफी घ्यायची, तासभर बसायचं, एवढंच ठरलं होतं.

तो वेळेवर आला. नखं स्वच्छ, दात उत्तम. ते तर तिने आधी पाहिले. बोलणंही काळजीचं.

"पाठीचा वगैरे त्रास नाही ना तुम्हाला?"

"नाही हो. दिवसभर वाकून काम असतं, पण नाही."

"छान. आणि झोप? गाढ की सावध?"

ती लाजली. चाळिशीत लाजायची वेळ आली म्हणून मनातल्या मनात हसलीही. "सावध," म्हणाली.

त्याचा चेहरा उजळला. "वजन उचलायची सवय आहे?"

"म्हणजे?"

"नाही, आपलं सहज."

वेटर यायच्या आतच तो म्हणाला, "कॉफी घरीच घेऊ का? इथून जवळच आहे. आई वाट बघतेय." किल्लीवाल्याच्या अनुभवानंतर तिला हे उलट सभ्य वाटलं. ज्या घरात आई वाट बघते तिथे काय भीती?

घर म्हणजे त्याच्या दुकानाची शाखाच. पायाखाली आरसा, भिंतीला आरसा. बाथरूमचं दार मुद्दाम उघडं, आतले नळ झगमगत होते. पण दोन पावलं आत जाताच तिला वास आला. हा वास तिच्या ओळखीचा होता. मागच्या खोलीचं दार त्याने ढकललं, खिशातून रुमाल काढून नाकाला लावला, आणि स्वतः उंबऱ्याबाहेरच थांबला.

"ही आई. आई, ह्या आल्यात बघ." मग हिच्याकडे वळून, "बाई परवापासून येत नाहीये. सामान त्या कपाटात आहे. गरम पाणी बाथरूममध्ये."

पलंगावर एक म्हातारी पडली होती. चादर ओली, कडेने पिवळी. ओठ सुकून भेगाळलेले. ही जवळ गेली, वाकली, आणि सवयीने तिची नजर तोंडाकडे गेली. कवळी आत तशीच होती. तिने हलकेच गालाला हात लावला, "काकू, जरा तोंड उघडता?" म्हणत ती काढली. कवळीखाली कधीचं तरी अन्न कुजून बसलं होतं. हिरडी सोलून लाल झाली होती. जन्मभर लोकांचे साचे धुतलेली ही बाई कवळी हातात धरून त्याच्याकडे वळली.

"ही शेवटची कधी काढली होती?"

"काढायची असते?" टाइलवाल्याने रुमालातून विचारलं.

तोंड मोकळं झालं तशी म्हातारी बोलली. दात नसल्याने शब्द सांडत होते, पण कळत होते. "तू चौथी."

"काय काकू?"

"त्याने आणलेली. एक बघून पळाली, एक रडली. तिसरीने दोन दिवस काढले."

हिने वळून पाहिलं. तो फोनमध्ये बघत होता.

"बाह्या वर करा," ती म्हणाली.

"कोण, मी?"

"तुमची आई आहे."

"अहो, पण मग तुम्हाला कशासाठी..." आणि तो थांबला.

"बोला ना पुरतं. कशासाठी?"

मग मात्र त्याला राग आला. मऊपणा कुठल्या कुठे गेला. "हे बघा, तुमच्या माहितीत स्वच्छ लिहिलंय. आजारी माणसाचं सगळं करायची आवड. तेवढं वाचूनच मी तुम्हाला निवडलं. नाहीतर तुमचं वय, तुमचा फोटो... जाऊ दे. फसवणूक झाली असेल तर ती माझी झालीय."

ती भांडली नाही. कपाट उघडून तिने टॉवेल काढला आणि त्याच्या हातात कोंबला. "मी खांदा धरते. तुम्ही पुसा. पुसल्याशिवाय मी या खोलीतून हलणार नाही, आणि तुम्हालाही हलू देणार नाही." लॅबमध्ये ती अशा आवाजात बोलली की आमचा मालकसुद्धा खुर्ची सरकवून बसतो.

त्याने पुसायला घेतलं. एकदा पुसलं, दुसऱ्यांदा हात पुढे नेला, आणि ओकारी आली तसा धावत त्या झगमगत्या बाथरूममध्ये गेला. बराच वेळ आवाज येत राहिला. म्हातारी अर्धी उघडी पडलेली. तिला तसं टाकून जाववेना म्हणून उरलेलं हिनेच केलं. चादर बदलली, पाणी पाजलं, कवळी घासून पेल्यात ठेवली. करताना तिला सगळ्यात जास्त शिसारी आली ती स्वतःच्या हातांची. ते न सांगता, बरोबर क्रमाने सगळं करत होते.

"काकू, मी निघते."

"नीघ," म्हातारी म्हणाली. "आणि इकडे फिरकू नकोस हो."

दारात टाइलवाला तोंड पुसत उभा होता. "आईला तुमचा हात आवडलेला दिसतो," म्हणाला. "घाई नाही. विचार करा."

घरी आल्या आल्या तिने वहिनीकडून फोन घेतला आणि पहिल्यांदाच आपली माहिती वाचली. सेवाभावी. आईचं आजारपण एकटीने काढलं. कधी कुरकुर नाही. आजारी माणसाचं सगळं करण्याची आवड.

"आवड?" तिने विचारलं. "वहिनी, मला आवड होती?"

वहिनी भाजी चिरत होती. "मग काय लिहायचं होतं मी? रूप बेताचं, वय हे असं. काहीतरी चांगलं लिहायला नको? आणि घर मोठं आहे म्हणे त्याचं."

ती रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मला हे सगळं सांगितलं तेव्हा चाक बंद होतं, तरी तिचा आवाज मोठाच होता. आईच्या आजारपणात येणाऱ्या नर्सला तिने फोन करून म्हातारीचा पत्ता दिला. नर्स जाऊन आली, औषध लावून आली, आणि हसावं की थुंकावं अशा आवाजात म्हणाली की, त्या गृहस्थाने मलाही विचारलं, तुमचं लग्न झालंय का?

महिना संपायच्या आत बत्तिशीने घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरची एक खोली घेतली. सामान पोचवायला मी गेले होते. गादी दादाने स्वतः खांद्यावरून वर आणली. जिने चढून त्याला धाप लागली होती. भिंतीला टेकून तो म्हणाला, "तू उगाच वहिनीवर राग धरलास. ते आवडीचं वाक्य तिचं नाही. मीच लिहायला सांगितलं होतं."

ती खिडकी पुसत होती. हात थांबला.

"अगं, तुझ्यात तेवढं एकच तर आहे ना, सांगण्यासारखं," दादा म्हणाला. त्याच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. तो खरंच कौतुक करत होता. उत्तराची वाट बघत तो हसला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. अशी नजर मी तिची कधी पाहिली नव्हती, बशीतल्या दातांबद्दल सांगतानासुद्धा नाही.

"गादी तिथे कोपऱ्यात ठेव," ती म्हणाली. "आणि जाताना दार लावून घे."