आधीचा रन चालू आहे

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, एका उन्हाळी दुपारी तीन वाजता, तुर्भ्याच्या एका केमिकल कारखान्यात टाक्या धुण्याचा रन सुरू झाला नाही. त्या वेळी दोन नंबरच्या टाकीत माणूस होता.

मी तिथे कॉम्प्युटर सेक्शनला होतो. भुताखेतांच्या गप्पांत मी कधी बसलो नाही, आणि हे लिहूनही बसायची इच्छा नाही. इतक्यांदा सांगून झालंय की आता जे दिसलं तेवढंच लिहितो.

टाक्या धुण्यासाठी मी एक स्क्रिप्ट – छोटासा प्रोग्रॅम – लिहिली होती. दर तासाला ती आपोआप सुरू व्हायची, व्हॉल्व्ह उघडून टाक्यांत गरम कॉस्टिक – अंगावर पडलं तर कातडी जाळणारं – सोडायची, मग पाणी. उन्हाळ्यात पाण्याचं प्रेशर पडलं की एक रन संपायच्या आत दुसरा सुरू व्हायचा आणि टाकी उतू जायची. म्हणून एक साधी सोय केली – रन सुरू झाला की मशीनवर ‘लॉक’ नावाची फाइल तयार व्हायची, संपला की पुसली जायची. फाइल असेल तर पुढचा रन तिथूनच परत फिरायचा. मध्येच लाइट गेली तर फाइल मागे राहायची. ती मी हाताने पुसायचो.

टाकीत कोणी उतरणार असेल तर आधी मला कळवायचं आणि मी शेड्यूल बंद करायचं, असा नियम होता. त्या दिवशी इंटरकॉम बंद होता. माझा जोडीदार रजेवर, त्यामुळे मी सलग दुसरी शिफ्ट ओढत होतो.

तीन वाजता स्क्रीनवर ओळ आली: आधीचा रन चालू आहे. दोन वाजताचा रन केव्हाच संपला होता. काय काय चालू आहे त्याची यादी काढली – त्यात तो नव्हता. लॉक फाइल मात्र जागेवर. लाइट गेलेली नव्हती. वैतागून पुसायला गेलो, तर मशीनचं उत्तर – परवानगी नाही. मी मुख्य पासवर्डने आत होतो. त्याने मशीनवरचं काहीही पुसता येतं. पुन्हा केलं... तेच.

खोलीला कुलूप लावून प्लांटवर गेलो. सुपरवायझर पाटीलसाहेबांना सांगायचं होतं की धुणं होणार नाही. दोन नंबरच्या टाकीचं झाकण उघडं होतं, आत दिव्याची वायर सोडलेली. तळाची खरवड काढून शिंदेमामा, आमचे साताऱ्याकडचे फिटर, शिडीवरून वर येत होते. पाटीलसाहेबांनी मला विचारलं, शेड्यूल बंद केलंस ना? मला काहीच माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी भोईरबरोबर निरोप पाठवला होता.

भोईर हा शिंदेमामांचा जोडीदार. आत माणूस असेपर्यंत जोडीदाराने टाकीच्या तोंडाशी थांबून अधूनमधून हाक मारायची, ही तिथली रीत. त्यालाच निरोपाला पाठवलेलं, आणि वाटेत त्याला स्टोअरवाल्याने अडकवलं. तो आत्ता कुठे स्टोअरमधून बाहेर पडताना दिसला, तसं पाटीलसाहेबांनी त्याला हाक मारून बोलावलं.

मामा घाम पुसत त्याच्यावर घसरले. “किती वेळा इचारशील रं? हायस का आत, हायस का आत... हाय म्हनून सांगतोय तरी तुजं आपलं चालूच. काम करू देतोस का न्हाई?”

भोईर म्हणाला, “मी कुठं व्हतो इथं? या सायबांकडं निरोप घेऊन चाललेलो. अजून पोचलो पन नाय.”

 मामा तिथेच खाली बसले.

“मग मी कुनाला ओ देत हुतो?”

पुढे चौकशी झाली. बाहेरून इंजिनिअर आला, मशीन उघडून बघितलं, डिस्कची गडबड असेल म्हणाला आणि चहा पिऊन गेला. डिस्कमध्ये काही निघालं नाही. मलाही आजवर काही सुचलेलं नाही.

त्या दुपारी पाटीलसाहेबांनी स्वतः उभं राहून झाकण बसवून घेतलं, आणि मी फाइलचं बघायला परत आलो. खोलीचं कुलूप तसंच होतं. किल्ली माझ्या खिशात होती, आणि मशीनला टर्मिनल – स्क्रीन आणि कीबोर्ड – एकच. फाइल नव्हती. चार वाजताचा रन वेळेवर सुरू झाला.