मेलेल्या भावावरचा दावा

माझ्या शेताची वाट धाकट्या भावाच्या शेतातून. बापाच्या काळापासून गाडी तिथूनच जायची. वाटणीनंतर भांडण पेटलं अन् त्यानं वाटेवर नांगर घातला. मी नांगरटीतूनच गाडी रेटत राहिलो अन् तालुक्याच्या कोर्टात दावा टाकला. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण दावा टाकायला सही पुरते.

दावा चालू असताना भाऊ मेला. मी खांदा दिला नाही, सुतक पाळलं नाही. भावकीतल्या सगळ्यांची डोकी गुळगुळीत, अन् मी तेल लावून, भांग पाडून जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात. लोक बघत होते. बघू द्या. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

वकिलाचा फोन आला. "काका, त्यांच्याकडून मयताचं कोर्टाला कळवलंय. आता वारसांची नावं दाव्यात घालावी लागतील. बायको, पोरगा, लग्न झालेल्या पोरी, सगळ्यांची. तीन महिन्यांची मुदत असते."

"मेला नं तो? मंग म्या जितलो की!"

"अहो, माणूस मेला, वाट तर तिथंच आहे ना!"

नावं मला ठाऊक नव्हती असं नाही. पण त्या घरातलं एकही नाव तोंडात घ्यायचं नाही, हे मी वाटणीच्या दिवशीच ठरवलं होतं. मी वकिलाचा फोन उचलणं सोडलं. मुदत गेली. दावा खारीज.

मग वकील म्हणाला, उशीर माफ करा म्हणून अर्ज टाकू. "कारण काय लिहू?"

"लिहा, मरण कळलंच न्हाई."

त्यानं माझ्याकडं नुसतं पाहिलं अन् लिहिलं.

सुनावणीला भावाची बायको आली. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्यासमोर कधी बोलली नव्हती. भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलायची आमच्यात रीत नाही. पदर पुढं ओढून ती जजसाहेबांकडं तोंड करून म्हणाली, "साहेब, घराला घर लागून हाये. तिरडी ह्यांच्याच दारावरून गेली, ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. दहाव्याला कावळा शिवंना. जीव भावात अडकला म्हणून लोकं बलवाया गेले, तर हे म्हणले, कावळ्याला सांगा, तारखेला कोर्टात ये."

मागं बसलेली माणसं फसकन हसली. बोललो होतो मी तसं. तेव्हा मला ते फार झकास वाटलं होतं. अर्ज फेटाळला.

दुसऱ्या दिवशी वाटेवर बाभळीच्या काट्या पडल्या. ओल्या हळदीची गाडी घेऊन मी तिथं अडलो. ती बांधावर उभी. माझ्याशी बोलता येत नाही, म्हणून माझ्या बैलाशी बोलली.

"अरे बैला, तुझ्या मालकाला सांग, वाट कुणी अडवली न्हाई. वारसाचं नाव घ्यावं अन् मागून घ्यावी. मोठ्यानं. शिवाराला ऐकू जाऊ दे."

आसपासच्या रानातली खुरपणारी माणसं थांबली. मी कासरा ओढून गाडी माघारी वळवली.

आता हळद डोक्यावर घेऊन नाल्यातून काढतो. चिखल मांडीपर्यंत लागतो, मान वाकडी झाली. ती बांधावर येऊन उभी राहते, बैल नसला तर कुत्र्याशी बोलते. मी पाय ओढत पुढं निघतो.