नाव यायच्या आधी

मालती हरकरेला रडताना कोणी पाहिलं नव्हतं. सख्खा भाऊ अमरावतीला वारला तेव्हा ती गेली, तेराव्यापर्यंत राहिली, आल्यागेल्याचं चहापाणी बघितलं आणि कोरड्या डोळ्यांनी भोपाळला परत आली. अवधपुरीतल्या तिच्या गल्लीतल्या बायका म्हणायच्या, बाई भारी कठीण हो! म्हणोत बापड्या. ही बाई आयुष्यात एकदाच मोकळेपणी रडली होती, आणि ते एकदाचं रडणं तिला जन्माचं पुरलं होतं, हे त्यांना कोण सांगणार?

मिसरोदच्या पुढे, होशंगाबाद रोडपासून आत, यंत्रांचा एक सरकारी कारखाना होता. आज तिथे भिंती आहेत आणि बाभळी आहेत. पण मालतीचा नवरा वसंता हरकरे तिथे फिटर म्हणून लागला तेव्हा टाउनशिपचा काय थाट होता! क्वार्टर, शाळा, दवाखाना, रेशनचं दुकान, गणपतीत नाटकं. शेजारी पंजाबी, समोर बंगाली, मागे मल्याळी, मधूनमधून आपली नागपूर-अमरावतीकडची घरं. आणि या सगळ्यांचं घड्याळ एकच, कारखान्याचा भोंगा. एक लांब भोंगा झाला की पाळी सुटली, भात टाका. तुटक तुटक वाजायला लागला की आत कोणाला तरी काहीतरी झालं.

तुटक भोंग्याला बायका हातातलं टाकून, होत्या तशा गेटवर यायच्या. तिथे एक रीत होती. पदराचा बोळा तोंडात धरायचा आणि टाइम ऑफिसचा बाबू बाहेर येऊन नाव सांगेपर्यंत हूं की चूं करायचं नाही. नाव यायच्या आधी जी रडेल तिच्याच माणसाचं नाव येतं, असं त्या सगळ्याजणी मानत. हे पंजाबणीने आणलं की बंगालणीने, देव जाणे. पण मानत सगळ्या, शाळेतल्या बाईसुद्धा.

मालती नवीन होती. मुलगा अच्युत अजून अंगावर पीत होता. शेजारच्या शालिनी देवपुजारीने तिला ही रीत सांगितली होती, पण सांगितलेलं आणि अंगात मुरलेलं यात फरक असतो. त्या दुपारी वाफेची मोठी नळी फुटली. तुटक भोंगा सुरू झाला, बायका धावल्या, आणि शेडच्या छपरातून पांढरी वाफ उसळताना पाहून मालतीच्या तोंडून हंबरडा फुटला. शालिनीने झेप घेऊन तिच्या तोंडावर हात दाबला. पण आवाज गेटवरच्या सगळ्यांनी ऐकला होता, आणि सगळ्याजणी वळून तिच्याकडे बघत होत्या.

बऱ्याच वेळाने बाबू बाहेर आला. शेडमध्ये त्या पाळीला वीसपंचवीस माणसं होती, शालिनीचे यशवंतरावही होते. बाबूने एकच नाव सांगितलं. वसंत हरकरे.

पुढच्या वर्षी शहरात गॅसकांड झालं. रडायला एवढी माणसं झाली की एका फिटरची आठवण कोण ठेवतो? मालतीला वसंताच्या जागी कॅन्टीनच्या कोठारात नोकरी मिळाली. रोज सकाळी त्याच गेटातून आत, संध्याकाळी त्याच गेटातून बाहेर. कोणी तिला कधी वावगं बोललं नाही. उलट बायका जरा जास्तच मायेने वागायच्या, हळदीकुंकवाला नाही पण एरवी वाटी-वाटीभर भाजी आणून द्यायच्या. मालतीने मात्र मनाशी गाठ मारली होती. आपण रडलो आणि नवरा घालवला. आता एकच जीव उरलाय, तो घराबाहेर असताना डोळ्यांत टिपूस येऊ द्यायचं नाही. कांदासुद्धा ती अच्युत शाळेतून घरी आल्यावरच चिरायची. त्याला वाटायचं, आईला गरमागरम भजी खाऊ घालायची हौस आहे.

कारखाना बंद पडला, टाउनशिप उठली, अर्धी मंडळी अवधपुरीत येऊन राहिली. शालिनीताई इथेही शेजारीच. यशवंतराव म्हातारे होऊन, नातवंडं खेळवून मग गेले. अच्युत मुंबईला मालिकांच्या सेटवर खुर्च्या हलवण्यापासून सगळी कामं करून, पस्तिशी गाठून, हात हलवत परत आला. ना धड नोकरी, ना लग्न. मग सरकारने जाहीर केलं की जो आमच्या राज्यात येऊन सिनेमा काढेल त्याला खर्चाचा काही हिस्सा परत. परदेशातला असेल तर आणखी, इथली माणसं कामाला लावली तर त्याहून आणखी. झालं! पोराच्या अंगात वारं शिरलं.

"आई, बाहेरची पार्टी आणायला दोनच चीजा लागतात," तो ताटावर बसून सांगायचा. "सवलत आणि लोकेशन. सवलत सरकार देतंय. आणि लोकेशन, विचार कुठलं?"

"कुठलं रे?"

"आपला कारखाना! असा पडका माल जगात मिळत नाही."

पडका माल! बाप जिथे शिजून मेला त्या जागेला पोरगा माल म्हणतोय. मालतीला लागलं, पण तिने त्याला आणखी एक पोळी वाढली. किती वर्षांनी त्याच्या डोळ्यांत चमक आली होती. त्याने उन्हातान्हात फोटो काढले, इकडे अर्ज, तिकडे परवानगी, साहेब लोकांच्या दारात तासन्‌तास उभा राहिला, आणि खरोखरच एक परदेशी कंपनी गळाला लागली. त्यांच्या कथेत कारखान्यात स्फोट होतो आणि बाहेर बायका जमतात. भोपाळशिवाय आणखी एक देश त्यांच्या नजरेत होता. तिथे पैसे जास्त परत मिळत होते, इथली जागा सरस होती. म्हणून ते आधी इथे एक दिवस चाचणीचं शूटिंग करणार, बघणार आणि मग ठरवणार.

"हा एक दिवस निघाला ना आई, तर मी आयुष्यभर दुसऱ्याचं सामान उचलणार नाही. आणि नाही निघाला तर संपलं. दुसरा चान्स कोण देतो मला?"

त्याने टाउनशिपच्या जुन्या बायका गोळा केल्या. खऱ्या कामगारांच्या खऱ्या बायका, असं कंपनीला अभिमानाने सांगितलं. दिग्दर्शक म्हणजे एक उंच, गोरी, शांत बाई होती. तिने एकेकीचा चेहरा बघितला आणि मालतीपाशी येऊन थांबली. हीच, म्हणाली. भोंगा वाजतो, धूर येतो, आणि ही पहिल्यांदा हंबरडा फोडते. त्या हंबरड्यावर पुढची सगळी कथा उभी होती, कारण आत अडकलेल्या मुलीला तो ऐकू येतो.

घरी आल्यावर मालतीने अच्युतला म्हटलं, "दुसऱ्या कोणाला घे रे. मला नाही रडवत."

"लाजतेस काय? दोन मिनिटांचं काम."

"तसं नाही रे..."

पुढे काय बोलणार? माझ्या रडण्याने तुझा बाप गेला, हे बापाचं तोंडही न आठवणाऱ्या पोराला कसं सांगायचं? एवढी वर्षं नाही सांगितलं ते आता चहाचा कप हातात धरून सांगायचं? ती एवढंच म्हणाली, "तू माझ्यासमोर उभा राहा. बाहेर, मला दिसेल असा. मग रडते मी."

"बस, एवढंच? उभा राहतो ना, मेरी माँ!"

चाचणीच्या दिवशी जुन्या गेटचा रंग काढून गंज लावला होता. गंज होताच, त्यावर आणखी लावला. बायकांना सुती साड्या दिल्या. जुना भोंगा कधीच बिघडला होता, म्हणून आवाज मोठ्या स्पीकरवर लावणार होते. शालिनीताई मालतीच्या बाजूला उभ्या होत्या. कॅमेऱ्याच्या बाजूला, अगदी समोर, निळा शर्ट घालून अच्युत उभा होता. मालतीने त्या निळ्या शर्टावर नजर खिळवली आणि मनातल्या मनात म्हटलं, वसंता, आज तुझ्यासाठी रडून घेते. पोरगा समोर आहे.

तेवढ्यात शेडमधून कोणीतरी ओरडलं की धुराचं यंत्र अडलंय. अच्युत धावत आत गेला. भोंगा वाजला.

तुटक, तुटक, तुटक.

समोर निळा शर्ट नव्हता. शेडच्या छपरातून पांढरा धूर उसळला, अगदी तस्साच, आणि अच्युत त्याच्या आत होता. मालतीचा हात आपोआप वर गेला आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला गेला. तिचं बघून शालिनीताईंनी पदर धरला. मग पलीकडच्या कौरबाईंनी, मग घोषबाईंनी. सगळ्या म्हाताऱ्या तोंडात पदर धरून, डोळे फाडून गेटकडे बघत राहिल्या. कॅमेरा चालत होता. कोणी रडेना.

"क्या हुआ? आई, काय झालं?" अच्युत खोकत बाहेर आला.

"तू आत गेलास."

"मग? धूर कोण बघणार? माझ्याशिवाय एकाला ते यंत्र चालवता येत नाही इथे!"

"तू बाहेर थांब. लगेच रडते. शपथ."

"मी बाहेर थांबलो तर धूर नाही, धूर नाही तर शॉट नाही. समज ना जरा!"

शालिनीताई पुढे झाल्या. "अच्युत, मी रडते रे बाबा. माझं आता कोणी आत नाही." पण गोऱ्या बाईला मालतीचाच चेहरा हवा होता. पुन्हा भोंगा, पुन्हा धूर, पुन्हा पदर. तिसऱ्या वेळी बाईने स्वतः येऊन मालतीचा हात हातात घेतला, काहीतरी प्रेमाने समजावलं. मालतीने मान हलवली, आणि भोंगा वाजताच पदर तोंडात घातला. घशात हुंदका येऊन आदळत होता आणि ती तो गिळत होती. ऊन उतरलं. बाईने घड्याळ बघितलं आणि आपल्या माणसांना सामान आवरायला सांगितलं.

मग अच्युत सगळ्यांसमोर आईवर ओरडला. "माझं वाटोळं केलंस तू! दोन अश्रू मागितले होते, दोन! तुला रडताच येत नाही. बाबांसाठी तरी कधी रडलीस का?"

सगळ्या म्हाताऱ्यांनी खाली मान घातली. मालती पोराकडे बघत राहिली. केसांत राख, शर्टाला काजळी, पण हातपाय धड, बोलतोय, ओरडतोय. तिला एवढं बरं वाटलं की तिने त्याच्या खांद्यावरची राख झटकली. त्याने तिचा हात झिडकारला.

कंपनी दुसऱ्या देशात गेली. ते आईच्या न रडण्यामुळे गेले की तिथे पैसे जास्त परत मिळत होते म्हणून, कोणाला माहीत? कदाचित ठरवूनच आले असतील. अच्युतने मात्र आपल्यापुरतं ठरवून टाकलं. बॅग भरली आणि तो पुन्हा मुंबईला, पुन्हा खुर्च्या हलवायला निघून गेला. आईला फोन करीत नाही. शालिनीताईंना करतो, "मावशी, ती गोळ्या घेते ना?" एवढं विचारतो आणि ठेवतो. मालती भिंतीपलीकडून कान देऊन असते. विचारतोय म्हणजे आहे, तेवढं तिला पुरतं.

एका दुपारी शालिनीताई आल्या आणि ओट्याशी बसल्या.

"मालती, एक सांगते. मला मेल्यावर नरकात जायचं नाही म्हणून सांगते. वसंता भोंग्याच्या आधीच गेला होता. नळी फुटली तेव्हाच, जागच्या जागी. यशवंतरावांनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं."

मालतीच्या हातातला झारा थांबला. "सगळ्यांना?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलं, ताई?"

"बाप्पा, कसं सांगू तुला!" शालिनीताईंचा आवाज फाटला. "तू रडलीस आणि तुझा एकटीचा गेला. आमचे सगळे चालत बाहेर आले. आम्हाला वाटलं, हिने स्वतःवर ओढून घेतलं, म्हणून आपले वाचले. तुला खरं सांगितलं असतं तर... तर ती रीतच खोटी ठरली असती, मग न रडताही पुढच्या भोंग्याला कोणाचा नंबर, ही भीती प्रत्येकीला खायला उठली असती. तुझ्या जिवावर आम्ही निवांत झोपलो गं इतकी वर्षं." आणि त्या ढसाढसा रडायला लागल्या. "तूही रड. तुझ्यामुळे काही झालं नाही. रड गं बाई, मोकळी हो."

मालती खाली बसली. डोळे भरून आले, अगदी काठापर्यंत. तिने पदराचं टोक उचललं, तोंडात धरलं आणि डोळे गच्च मिटून तो उमाळा गिळला. कोपऱ्यात टोपलीतल्या कांद्यांना हातभर कोंब फुटले होते. अच्युत गेल्यापासून त्या टोपलीला तिने हात लावला नव्हता.

"तो बाहेर आहे, ताई," ती म्हणाली. "घरी येऊ दे त्याला. मग रडते."