तांबडी खूण

केरबा सोनकांबळेचं अक्षर मोत्यासारखं होतं, आणि त्या अक्षरानंच त्याचा घात केला.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाची गोष्ट. जिल्हा नवा झाला म्हणजे काय झालं? आधी पाट्या बदलल्या. जिथं ‘जिल्हा उस्मानाबाद’ होतं तिथं ‘जिल्हा लातूर’ करायचं होतं. कचेऱ्या भाड्याच्या खोल्यांत, टेबल आलं तर खुर्ची नाही, आणि अर्धं सामान अजून उस्मानाबादलाच अडकलेलं. केरबा जमिनीखालचं पाणी शोधणाऱ्या सरकारी खात्यात रोजंदारीवर मदतनीस होता. दहावी पास. साहेबांच्या यंत्राच्या तारा ओढायच्या, खुंट्या ठोकायच्या, आणि साहेबांनी बोट दाखवलं की तिथं चुन्यानं गोल खूण करायची, एवढंच त्याचं काम. पण साहेबांनी त्याचं अक्षर पाहिलं आणि पाट्या रंगवायला त्यालाच बसवलं. चार महिने त्यानं तांबड्या रंगात ‘लातूर’ लिहिलं. झोपेत उठवलं असतं तरी बिचाऱ्यानं भिंतीवर ‘लातूर’च काढलं असतं.

जिल्हा आला आणि पाऊस गेला. दोन वर्षं आभाळ कोरडं. गावोगाव बोअर पाडायचा हुकूम निघाला आणि साहेबांची जीप दिवसाला तीन-तीन गावं करू लागली. त्यात चुना संपला. नवा चुना उस्मानाबादहून यायचा होता, म्हणजे यायचा नव्हताच. केरबाकडे पाट्यांचा उरलेला तांबडा रंग होता. तो फक्त पाट्यांसाठी, दुसरीकडे वापरला तर खबरदार, असं भांडारातल्या बाबूनं बजावलं होतं. तरी केरबानं एक डबा जीपमध्ये टाकला. खुणेवाचून काम अडायला नको, एवढाच त्याचा विचार. साहेबांना त्यानं सांगितलं नाही, आणि साहेब खूण करायच्या आधीच जीपकडे वळलेले असत. वहीत मात्र प्रत्येक गावापुढं ‘चुन्याने खूण केली’ असंच लिहिलं जायचं.

अशात एक दिवस जीप रेणापूरच्या बाजूला तळेगव्हाणला आली. तिथं केरबाची थोरली बहीण पारूबाई दिली होती. नवरा वारलेला, सहा वर्षांची एकच लेक, सरजा. साहेबांनी सगळं शिवार पालथं घातलं. गावात काही लागेना. शेवटी बौद्धवाड्याच्या कडेला, चिंचेखाली, यंत्राचा काटा हलला. साहेब म्हणाले, “केरबा, इथं पाणी आहे. कर खूण.”

केरबाला हर्ष मावेना. बहिणीच्या दारात पाणी! तिथं एक मोठा दगड होता. त्यानं त्यावर असा गोल काढला की बघत राहावं. मधोमध ठिपका दिला. वाळला तसा दुसरा हात फिरवला. इतर गावांत तो एकच हात मारायचा. सरजा शेजारी उकिडवी बसून पाहत होती.

“मामा, ह्याच्यातून पाणी निघंल?”

“हाव, लई निघंल,” केरबा म्हणाला.

पंधरा दिवसांनी पाणी नाही, देव निघाला.

गावातल्या केवळाबाईला दगड दिसला. चिंचेचं झाड, मोठा धोंडा, त्यावर तांबडा गोल. माणूस तहानेनं वेडापिसा झाला की त्याला देव दिसायला वेळ लागत नाही. तिच्या अंगात आलं. “मी म्हसोबा हाय, मला हलवू नका, पाऊस देतो.” झालं! नारळ आले, लिंबं आली, तांबड्या रंगावर शेंदराची पुटं चढली. बौद्धवाड्यातल्या माणसांनी असले देव कधीच सोडून दिलेले. पारूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “अवो, माझ्या भावानं लावलाय त्यो रंग. सरकारी खूण हाय ती.” तिला उत्तर मिळालं की तुझ्या भावानं हात लावल्यावर देव कसा राहील, म्हणून तसं बोलूही नको. दगडाभोवती काटेरी कुंपण पडलं आणि वाड्यातल्या लोकांची तिकडची पायवाट बंद झाली.

हे सगळं अडाणीपणानं झालं की कुणी हुशारीनं घडवून आणलं, याचा निकाल केरबाला कधीच लावता आला नाही. पण बोअरची गाडी आली त्या दिवशी सरपंच शेषेराव हात जोडून पुढं आला, ते काही अडाणी माणसाचं जोडणं नव्हतं.

“साहेब, इथं देव हाय. लोकांच्या भावना हायत. आमच्या चावडीपुढं मारा की.”

साहेब चिडले. “देव कसला? खूण आहे ती आमची.”

“तुमची खूण चुन्याची असती साहेब. समद्या गावांत पांढरीच ऱ्हाती. ह्यो तर शेंदूर हाय.”

दिवसाला तीन गावं करणाऱ्या साहेबांना नेमकी जागा आठवेना. त्यांनी वही काढली. वहीत चुनाच होता. ते केरबाकडे वळले. पुढं सगळं गाव उभं होतं, कुंपणाच्या पलीकडे बौद्धवाडा उभा होता, पण तो लांब, ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर.

“केरबा, खूण कशानं केली होतीस? चुन्यानंच ना?”

पुढच्या महिन्यात केरबाची नोकरी पक्की व्हायची होती. कागद साहेबांच्या टेबलावर होता. चोरून आणलेला रंग, वहीतलं खोटं, भांडारातला बाबू, सगळं एका क्षणात त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. एक शब्द बोलायचा होता. तो बोलला असता तर फार तर काय झालं असतं? नोकरी गेली असती. नोकरी म्हणजे काय असते, हे ज्याच्या बापानं जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून भाकर खाल्ली त्यालाच ठाऊक.

“चुन्यानंच, साहेब,” केरबा म्हणाला.

“मग हा दगड आपला नाही,” साहेबांनी वही मिटली. “खूण पुसली असेल. चला, चावडीपुढं मारा.”

चावडीपुढं दोनशे फूट नुसता फुफाटा उडाला. थेंब नाही. गाडी निघून गेली. गावासाठी टँकर सुरू झाला. तो गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा, आणि त्या विहिरीवर बौद्धवाड्याचा नंबर कधी लागायचा हे सांगायला नको. वाडा कोरड्या ओढ्यात खणलेल्या झिऱ्याचं पाणी वाटीनं भरून पीत राहिला. वैशाखात सरजाला उलट्या-जुलाब लागले. लातूरच्या दवाखान्याकडे निघालेली बैलगाडी अर्ध्या वाटेवरून परत फिरली.

केरबाची नोकरी पक्की झाली. राहायला खोली मिळाली, दारात नळ मिळाला. पारूबाई शेषेरावाला आणि केवळाबाईला शिव्याशाप देत राहिली, आणि भाऊ मान खाली घालून ऐकत राहिला. तोंडात मिठाची गुळणी धरावी तशी त्यानं दोन वर्षं काढली.

मग पेपरात जाहिरात आली. नांदेडच्या एका कॉलेजात विज्ञान लेखनाचा वर्ग, सहा रविवार, कुणीही यावं. केरबानं नाव घातलं. त्याला लेखक व्हायचं नव्हतं. पोटात सडत होतं ते कुठंतरी नीट लिहून ठेवायचं होतं. पहाटेची एसटी धरून अहमदपूर, लोहा करत तो नांदेडला जायचा. देगलूरकर सर शिकवायचे. माणूस वाईट नव्हता. जे पाहिलं तेच लिहा, मोजलं असेल तर कसं मोजलं ते सांगा, वाचकाला हसवलंत तर तो विज्ञानही गिळेल, असं ते सांगायचे. केरबा मोत्याच्या अक्षरात सगळं उतरवून घ्यायचा.

चौथ्या रविवारी त्यानं सहा पानं लिहून दिली. त्यात जमिनीखालचा खडक होता, यंत्र होतं, तांबडा रंग होता, देव होता. शेवटच्या दोन पानांत ‘चुन्यानंच, साहेब’ होतं, आणि सरजा होती. सर खूश झाले. “सोनकांबळे, वर्गाच्या पुस्तिकेत पहिला लेख तुमचा.” केरबानं त्याच आठवड्यात तळेगव्हाण गाठलं आणि बहिणीला सांगितलं, “आक्का, सरजाचं नाव पुस्तकात छापून येणार हाय.” बाकीच्या एका वाक्याबद्दल तो बोलला नाही. ते तिनं तिथंच ऐकावं, चार माणसांत, म्हणजे आपल्याला मागं फिरता येणार नाही, असा त्याचा हिशेब होता. भित्र्या माणसाचे हिशेब असेच असतात.

शेवटच्या रविवारी पारूबाई त्याच्याबरोबर नांदेडला आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून मागच्या बाकावर बसली. सरांनी पुस्तिका वाटल्या. मग एकेकानं उठून काय शिकलो ते सांगायचं होतं. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला बसवराज म्हणाला, मी लहान वाक्यं लिहायला शिकलो. हदगावची शिवकन्या बाई प्राथमिक शाळेत शिकवायची. ती म्हणाली, “आता पोरांना मी उत्तर विचारत नाही. तुला हे कशावरून कळलं, ते विचारते.” टाळ्या झाल्या. हे वाक्य केरबाला उगाचच टोचलं.

“आता सोनकांबळे. आधी लेख वाचा, मग बोला.”

केरबा वाचू लागला. वाचता वाचता त्याला कळलं की ‘मी’ कुठंच नाही, सगळीकडे ‘एक कर्मचारी’ आहे. केवळाबाईच्या अंगात येतं तिथं वर्ग खो-खो हसला. पारूबाई हसली नाही. ती नावाची वाट बघत होती. चौथं पान संपलं. ‘अशा रीतीने सरकारी रंगाचा डबा देव झाला.’ खाली रेघ. पुढं दुसऱ्याच कुणाचा सापांवरचा लेख.

दोन पानं गेली होती. सरांनी आठवड्यापूर्वी म्हटलं होतं, शेवटी थोडं विषयांतर झालंय, बघतो. बघितलं होतं त्यांनी.

केरबानं मान वर केली. मागच्या बाकावर बहीण पुढं झुकून बसली होती. त्यानं पुन्हा पुस्तिकेत डोळे घातले आणि सापांच्या लेखावर नजर ठेवून, छापलेलं वाचावं तसं म्हटलं, “त्या उन्हाळ्यात तळेगव्हाणच्या बौद्धवाड्यातली सरजा, वय वर्षं सहा, झिऱ्याचं पाणी पिऊन वारली.”

सर आपल्या हातातली पुस्तिका उलटीसुलटी करून ती ओळ शोधू लागले. अजून एक वाक्य राहिलं होतं. ते न म्हणताच केरबानं पुस्तिका मिटली. छापलेलं नव्हतं ना! छापलेलं असतं तर वाचलं असतं, असं तो पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिला.

“आणि काय शिकलात?” सरांनी विचारलं.

“जे पाहिलं तेच लिहावं, सर,” केरबा म्हणाला. त्यालाही टाळ्या पडल्या.

नांदेडच्या बसस्टँडवर पारूबाईनं पुस्तिका मागून घेतली. “कुठं हाय रं नाव? बोट ठिव.” केरबानं बोट ठेवलं. जिथं पडलं तिथं ‘रंगाचा डबा’ असं छापलेलं होतं. तिनं त्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि पान दुमडून खूण केली. घरी बाबासाहेबांच्या तसबिरीखाली तिनं ती पुस्तिका ठेवली. आल्या-गेल्याला तेच पान उघडून दाखवायची, “ही माझी सरजा.” ज्या बाईनं भर गावापुढं धोंड्याला देव म्हणायचं नाकारलं, तिला तिच्या सख्ख्या भावानं हे दिलं.

पावसाळ्याच्या तोंडाला एक दिवस भर दुपारी पारूबाई लातूरला केरबाच्या दारात उभी राहिली. एसटी स्टँडपासून उन्हात चालत आली होती. ओठ सुकलेले. केरबाची बायको बाहेर कामाला गेली होती म्हणून त्यानंच नळाचा तांब्या भरून पुढं ठेवला. पारूबाईनं पिशवीतून पुस्तिका काढली.

“शाळंतल्या पोरीकडून वाचून घेतलं. दोन येळा वाचलं तिनं. सरजा न्हाई ह्यात.” तिचा आवाज चढला नव्हता. “आता तू वाच. हाय तेवढंच वाच.”

केरबानं वाचलं. हाय तेवढंच.

“नाव कामून काढलं त्यांनी?”

“दोन पानं काढली, आक्का.”

“काय व्हतं त्यात?”

केरबानं ट्रंक उघडली. हातानं लिहिलेली ती दोन पानं तळाशी होती. त्याचं ते सुरेख अक्षर. त्यानं उभ्यानंच वाचायला सुरुवात केली, आणि साहेबांनी वही मिटली तिथपर्यंत आल्यावर त्याचा आवाज फुटला. तरी त्यानं शेवटपर्यंत वाचलं.

पारूबाईनं त्याच्या हातांकडे बघितलं.

“तिनं इचारलं व्हतं तुला, ह्यातून पाणी निघंल का म्हणून,” ती म्हणाली. “मला सांगत आली व्हती. मामा हाव म्हनला म्हणून.”

“आक्का...”

ती उठली. पदर डोक्यावर घेतला. पुस्तिका तिथंच राहिली. भरलेला तांब्या समोर होता. तिनं तो पायानं नाही, हातानं, अगदी हळू बाजूला सारला, थेंबही सांडू न देता, आणि तशीच तहानलेली स्टँडकडे चालायला लागली.